बाळकुमने निवडलेला मानपाड्याचा माणूस

पास्कू, आज शनिवार. तुला मातीत ठेवून सहा दिवस झाले. उद्या सकाळी तुझी सातव्या दिवसाची मिस्सा आहे आणि तिला तुझा धाकटा भाऊ सायमन दिव्याहून येणार आहे. मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला सांगायची होती, ते राहून गेलं. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. सकाळपासून तीनदा गॅलरीत गेलो, दोनदा खाली उतरून परत वर आलो. शेवटी अनघा म्हणाली, "अहो, एका जागी बसा, नाहीतर बाहेर तरी जा." दोन्ही जमेना, म्हणून तुला लिहायला घेतलंय.

तुझ्याबद्दल तुमच्या मंडळाने नाक्यावर फलक लावलाच आहे. जन्म, नोकरी, मागे कोण कोण, सगळं त्यात आहे. फोटो तुझ्या पुतणीच्या लग्नातला आहे, टाय वाकडा, आणि खाली लिहिलंय 'कबड्डीप्रेमी'. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, प्रेमी कसला रे, चाळीस वर्षं एकतर्फी चाललंय. मी फलकासमोर उभा राहून तुझ्या वतीने हे बोललो सुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे बघून पर्स घट्ट धरली.

आपली ओळख रंगाच्या कंपनीतली. तू बाळकुमहून कंपनीच्या बसने कळवा, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा घालून यायचास आणि मी मानपाड्याहून चालत. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये तू माझ्यासमोर ताट ठेवून विचारलंस, "मानपाड्याचा का तू? म्हणजे गेल्या रविवारी आमच्याकडून मार खाल्लेले ते तुम्हीच?"

मी म्हटलं, "दोन गुणांनी हरलो. त्याला मार म्हणत नाहीत."

"मग काय प्रसाद म्हणतात?"

तिथून जे सुरू झालं ते गेल्या शनिवारी सकाळी थांबलं. मध्ये बत्तीस वर्षं गेली. या बत्तीस वर्षांत आपण एकमेकांशी धड, सरळ असं किती बोललो ते मी काल मोजायला बसलो होतो. फार नाही निघालं. तुमची पोरं खाडीच्या चिखलात खेळतात म्हणून मातीवर घसरतात, हे मी बोलायचं. तुमच्या पोरांचा दम कंपनीचा धूर पिऊन टिकतो, साध्या हवेत आणलं की धाप लागते, हे तू बोलायचं. मग चहा.

गंमत म्हणजे आपण दोघंही खेळाडू नव्हतो. तुझा दम दहा पावलांत संपायचा. मी आयुष्यात एकदाच मैदानात उतरलो आणि धांदलीत आपल्याच कोपऱ्यातल्या गड्याचा पाय धरून बसलो. आपण बघे. पण खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त चढते, हे तू मान्य करायचास. मी तर मूळचा मानपाड्याचाही नाही. वडील देवगडकडून आले आणि इथे चाळीत भाड्याने राहिले. उपऱ्याला जरा जास्तच जोर लावावा लागतो. मंडळाच्या सामन्याला मी सगळ्यात पुढच्या सतरंजीवर बसायचो, सगळ्यात मोठ्याने ओरडायचो, कारण तिथे बसलं की कोणी "तुम्ही मूळचे कुठले" असं विचारत नसे. तुला हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. तुझ्या आज्यापणज्याची शेतं बाळकुमला होती, तरी तुला ते समजलं होतं.

डबे धुवायचा नियम तू काढलास. ज्याचं गाव हरेल त्याने आठवडाभर दोघांचे डबे धुवायचे. त्या वर्षी तुमचा संघ जोरात होता, म्हणून तुला नियम सुचला. मी किती आठवडे तुझा डबा घासला असेन, काही हिशेब नाही. हाताला बोंबलाचा वास बसायचा आणि अनघा दारातच विचारायची, "आज मंगळवार ना? काय खाल्लंत?" तुला हे सांगितलं तर तू दुसऱ्या मंगळवारी मुद्दाम सुकट आणलीस.

हे सगळं लिहितोय आणि मुद्द्याला येत नाहीये, कळतंय मला. पाणी पिऊन आलो. आता लिहितो.

भिवंडीपलीकडच्या त्या गावात जत्रेला सामने व्हायचे. तिथली रीत तुला माहीत आहे, पण मला ती पुन्हा मांडावी लागेल, कारण सगळं त्या रीतीत अडकलंय. पंच जिल्ह्याचे असायचे. पण चढाईला गेलेल्या पोराचा पाय मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर पडतो का, हे बघायला दोन्ही गावांचा एकेक माणूस लाल फडकं घेऊन बसायचा. आपापल्या पोरांच्या पाठीमागे. आणि तो कोण, हे त्याच्या गावाने ठरवायचं नाही, समोरच्या गावाने ठरवायचं. ज्यांच्याशी लढायचंय त्यांच्यातला सगळ्यात खरा माणूस तुम्ही शोधा आणि बसवा, अशी ती रीत. मग नारळ फोडायचा, पांढऱ्या फक्कीच्या रेषेवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, रेषा सांगेल ते सांगीन.

त्या वर्षी फायनल आपलीच होती. बाळकुम आणि मानपाडा. तुमच्या लोकांनी माझं नाव घेतलं तेव्हा आमचेच लोक चकित झाले. एक जण म्हणाला, "हा? हा तर कोकणातला." आणि तू गर्दीतून उठून म्हणालास, "मोहनला बसवा. शिव्या देतो, पण खोटं बोलत नाय."

मी रेषेवर हात ठेवला. फक्की गार लागली.

शेवटची चढाई राहिली होती. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि सायमन चढाईला आला. सत्तावीस वर्षांचा असेल तेव्हा. बाप लवकर गेल्यावर तूच त्याला वाढवलेलं, त्याच्या बुटांपासून दुधापर्यंत सगळं तूच बघायचास. पुढच्या रांगेत एका बँकेच्या संघाचा माणूस बसला होता. सायमनला घ्यायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं आणि संघात घेणं म्हणजे कायमची नोकरी. तू मला हे आठवडाभर कॅन्टीनमध्ये सांगत होतास, आवाज खाली करून, जणू मोठ्याने बोललं तर दृष्ट लागेल.

सायमनने उजव्या कोपऱ्यातल्या आमच्या पोराच्या पायाला हात लावला आणि वळता वळता शेजारच्याच्या खांद्याला. म्हणजे दोन गुण, म्हणजे बाळकुम जिंकलं. कोपऱ्यातला पोरगा त्याच्या पायावर झेपावला, दोघं सरकत माझ्याकडे आले, तो पोरगा ओरडला, "बाहेर, बाहेर," आणि माझा फडक्याचा हात वर गेला. मी बघायच्या आधी गेला. मग मी खाली बघितलं. रेषा जशीच्या तशी होती, सकाळी ओढल्यासारखी. सायमनच्या टाचेची खूण तिच्या आत होती, चांगली दोन बोटं आत. तोवर तो सुटून मध्यरेषेपलीकडे पोचला होता आणि तुझ्याकडे बघून हसत होता.

पंच धावत आला. मध्ये आमचा पोरगा आडवा पडल्यामुळे त्याला काही दिसलं नव्हतं. त्याने विचारलं, "नक्की?"

हात खाली घ्यायला तेवढा एक क्षण होता. माझ्या पाठीमागे अख्खं मानपाडा नाचत होतं. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी डोक्याचा मुका घेतला. इतक्या वर्षांत मला त्या गावात असं कोणी धरलं नव्हतं. मी म्हटलं, "नक्की."

फडकं वर गेलं ती चूक होती, पास्कू. ती मी कबूल केली असती तर कोणी मला खाल्लं नसतं. पण मी पुढे तोंडाने बोललो. मग लोक मैदानात घुसले आणि रेषा तुडवली गेली. मोबाइलवर सगळं टिपायची पद्धत तेव्हा नव्हती. सायमन पंचाच्या अंगावर गेला, त्याला ढकललं, आणि जिल्ह्याने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. बँकेचा माणूस गर्दी वाढायच्या आधीच निघून गेला होता. बंदी उठली तोवर सायमन तिशीला टेकलेला. तिशीतल्या चढाईपटूला कोण घेतं?

सोमवारी तू कामावर आलास. मला वाटलं तू बोलणार नाहीस, आणि न बोललास तर मी सांगून टाकीन, असं मी रात्रभर ठरवलं होतं. तू आलास, जेवलास, माझा डबा उचललास आणि मोरीकडे गेलास. मी मागे आलो. तू बाह्या वर करून माझा डबा घासत होतास. कडांना लागलेलं पिठलं नखाने काढत होतास. मी म्हटलं, "राहू दे रे." तू म्हणालास, "नियम म्हणजे नियम. आणि खोटारड्याचा डबा जरा जास्त घासावा लागतो." आणि हसलास. तुझं ते हसू बघून मला इतकं बरं वाटलं की मी गप्प बसलो.

पुढची सतरा वर्षं तू मला खोटारडा म्हणालास आणि मी तुला रडका. काय काय केलंस तू. कुठे पांढरी रेषा दिसली की फोटो काढून पाठवायचास. रस्त्यावरची, पार्किंगमधली, रांगोळीची. खाली लिहायचास, "बघ रे, पाय पडलाय का?" टाळेबंदीत दुकानांसमोर वर्तुळं आखली होती, तेव्हा एका वर्तुळात उभा राहून तू स्वतःच्या चपलांचा फोटो पाठवलास, "मोहन्या, मी आत आहे, फडकं खाली ठेव." माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरला होता, गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि तू मागून माझ्या कानात म्हणालास, "जावयाचा पाय बघ, नंतर भांडण नको." मी इतका हसलो की अनघाने डोळे वटारले. मुलीच्या लग्नात बाप रडतो, मी हसत होतो. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेत.

आणि या सगळ्यात मी माझी एक समजूत करून घेतली होती. ती आज तुझ्यासमोर मांडतो. पास्कू मला खोटारडा म्हणतो, म्हणजे पास्कू सायमनच्या बाजूचा आहे. जगाने नाही मानलं तरी घरात त्याचा भाऊ मानतो. मग सायमनचं अगदी सगळंच काही बुडालेलं नाही. एवढ्या एका समजुतीच्या उशीवर मी सतरा वर्षं झोपलो.

कंपनी बंद पडली तेव्हा मी दोन महिने घरात भिंतीकडे बघत बसलो होतो. तू आलास आणि चहा प्यायच्या आधी म्हणालास, "बाळकुमच्या टॉवरमध्ये देखरेखीला माणूस पाहिजे. मी तुझं नाव दिलंय. सोमवारपासून ये." पुन्हा तूच माझं नाव दिलंस. ज्या जागेवर तुमची पोरं सरावाला यायची तिथेच तो टॉवर उभा राहिला होता. मी रोज शीळफाट्यावरून तुमच्या गावात यायला लागलो. तू तुमच्या मंडळाच्या पोरांना शिकवून ठेवलेलं, ती मला बघितलं की हात वर करायची, "काय फडकेवाले काका." प्रेमाने म्हणायची. लिफ्ट बंद पडली तर धावत यायची. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की आपण कशाला हसतोय. मला माहीत होतं. मीही हसायचो.

अनघा एकदा म्हणाली होती, "तुम्ही दोघं भांडता त्यात मला कधी राग दिसला नाही." तिला वाटलं ती कौतुक करतेय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एकदा मी सांगायला निघालो होतो, हे तुला आठवतं का? गेल्या नाताळात. तुझ्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, फिलू वहिनी मैद्याचे फुगे तळून आणत होत्या. सायमन दुपारीच निघाला. मी आत येत होतो आणि तो फाटकातून बाहेर पडत होता. मी म्हटलं, "एवढ्यात?" तो म्हणाला, "पाणी यायची वेळ झाली." दिव्याला पाण्याचे हाल असतात, आठवड्यातून दोनदा येतं ते भरून ठेवावं लागतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी काही मनात आणलं नाही. तू मात्र बराच वेळ फाटकाकडे बघत होतास. मग मी हिंमत केली. म्हटलं, "पास्कू, त्या फायनलचं खरं सांगू का?"

तू एक फुगा तोडलास, अर्धा माझ्या ताटलीत टाकलास आणि म्हणालास, "नको. खरं सांगितलंस तर आपण बोलायचं काय? गुडघेदुखीवर?"

आपण दोघं हसलो. मला सुटल्यासारखं झालं. मला वाटलं, याला सगळं ठाऊक आहे, कधीपासून ठाऊक आहे, आणि हा मला सोडून देतोय. किती मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणत मी त्या दिवशी घरी आलो. आता विचार करतो तर वाटतं, मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. माणूस "नको" म्हणाला की पुढे बोलायचं नाही, हे सभ्यपण मला नेमकं तेव्हाच कुठून सुचलं?

गेल्या शनिवारी सकाळी तुझा शेवटचा फोटो आला. तुमच्या गल्लीत रस्ता खणून नवीन डांबर घातलंय, त्यावर पांढरा पट्टा. मी उत्तर लिहीत होतो, "रडक्या, चष्मा लाव." पाठवायच्या आत फिलू वहिनींचा फोन आला. ते उत्तर अजून तसंच अर्धवट पडलंय. पुसत नाहीये आणि पाठवतही नाहीये.

उद्या सांगणार. अनघाला अजून बोललेलो नाही. तिला आधी सांगितलं तर ती म्हणेल, आता कशाला, तो माणूसही गेला, आणि मला ते पटेल. म्हणून नाही सांगितलं.

*

रविवार. दुपार. आत्ताच घरी आलो.

देवळात मी मागच्या बाकावर बसलो. तुमचे फादर चांगलं बोलले. तू लोकांना हसवायचास असं म्हणाले. मी सायमनच्या मानेकडे बघत होतो. केस पिकलेत त्याचे. तुझ्या आईला धरून बसला होता. तिने नेहमीचं लाल लुगडं नेसलं होतं आणि ती एकदाही रडली नाही.

मिस्सा झाल्यावर सगळे तुझ्या घरी आले. अंगणात कॉफी फिरत होती. सायमन फाटकापाशी एकटा होता, तेवढ्यात मी गेलो. आधी दिव्याचं पाणी, पोरीची शाळा, असलं काहीतरी विचारलं. माझ्या पायांना वाटत होतं की निघावं. मग म्हटलं, "सायमन, त्या फायनलला तुझा पाय आत होता. मी पाहिलेला. रेषेला धक्काही लागला नव्हता. मी पंचांशी खोटं बोललो."

तो कागदी कप हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आत होता ते मला माहितीये, मोहनदादा. पाय माझाच होता ना."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पास्कू. त्याला थोडं बरं वाटेल असं. माझ्याकडे सतरा वर्षं जपलेली एकच गोष्ट होती, ती मी पुढे केली. म्हटलं, "पास्कूला सांगायचं राहिलं. पण तो तुझ्याच बाजूने होता रे. शेवटपर्यंत मला खोटारडा म्हणत होता."

सायमनने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्हाला म्हणायचा," तो म्हणाला. "कंपनीत, नाक्यावर. घरी काय बोलायचा माहितीये? त्याच संध्याकाळी मला बोलला, सायम्या, मोहन खोटं बोलणार नाय. मी बसवलेला माणूस आहे तो. तुझा पाय पडला असेल, तुला कळलं नसेल. चुकलो म्हण, पंचांची माफी माग, बंदी कमी करतील. मी बोललो, दादा, नाय पडला. तो बोलला, हरलास तर हरलास, पण खोटं नको बोलू. आईसमोर बोलला. आईने पण तेच धरलं."

मी म्हटलं, "तू दिव्याला..."

"त्यावरनंच गेलेलो. घर लहान पडतं वगैरे दादा लोकांना सांगायचा." त्याने कप दाबून चपटा केला. "गेल्या नाताळात मला बाजूला घेतलं त्याने. तिथे, विहिरीपाशी. बोलला, सायम्या, मी तुला कधीच माफ केलंय, आता परत ये घरी. मी काय बोलणार? न केलेल्याची माफी घेऊन घरी कसा येणार? बोललो, पाणी यायची वेळ झाली."

पास्कू, मी तिथे उभा होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की तू त्या दिवशी फाटकाकडे का बघत होतास. आणि पाच मिनिटांनी मी तुझ्या शेजारी बसून तुझे फुगे खात होतो. त्या पाच मिनिटांत मी दोन वाक्यं बोललो असतो तर तू सायमनच्या मागे धावला असतास. तुझे गुडघे दुखत होते तरी धावला असतास. रिक्षा पकडण्याआधी गाठलं असतंस त्याला.

मी म्हटलं, "सायमन, मी काय करू सांग."

त्याने चपटा कप खिशात घातला. अंगणात कोणीतरी हसत होतं, तुझाच कुठलातरी किस्सा सांगत असावेत. मग म्हणाला, "आईला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, दादा गेला, आता कोण विचारतंय, म्हणून हा परत सुरू झाला."

मी चपला काढून आत गेलो. मावशी कॉटवर बसल्या होत्या, हातात जपमाळ होती. मला बघून म्हणाल्या, "ये रं मोहन. जेवलास का?" मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीला मी सतरा वर्षं लावली.

त्यांनी विचारलं, "पास्कूला ठावं होतं?"

"नाही, मावशी."

त्यांनी जपमाळ कॉटवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघून, त्या वयाच्या बाईला जेवढा आवाज निघेल तेवढ्याने हाक मारली, "सायमन, आत ये रं बाला."

तो दारातच होता. माझ्या अंगावरून आत आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, चव्वेचाळीस वर्षांचा गडी, ढसाढसा रडला. मी उठून बाहेर आलो. मला कोणी थांबवलं नाही आणि थांबवायला नकोच होतं.

फाटकाबाहेर तुमच्या मंडळाची पोरं उभी होती. एकाने हात वर केला, "काय फडकेवाले काका, निघालात?" मी थांबलो. म्हटलं, आता सांगायचंच तर सगळ्यांना. म्हणालो, "पोरांनो, ते फडकं खोटं होतं. सायमनचा पाय आत होता. फायनल तुमची होती."

ती हसली, पास्कू. एकाने टाळीसाठी हात पुढे केला. दुसरा म्हणाला, "आता पास्कूकाका नाहीत म्हणून तुम्ही त्यांच्या वाटणीचं पण बोलता काय?" मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. ती आणखी हसली. म्हणाली, "खोटारडे आहात काका," अगदी तुझ्यासारखी मान तिरकी करून, तुझ्यासारख्याच मायेने.

सायमन सांगेल त्यांना. किंवा मी उद्या कामावर येईन तेव्हा एकेकाला बसवून सांगेन, आणि मग ती हात वर करायची थांबतील. ते व्हायला हवं, आणि होईल. पण त्याने माझं भागणार नाही. बत्तीस वर्षांत तू माझ्याबद्दल एकच गोष्ट खरी मानलीस, आणि तिच्यापायी स्वतःच्या भावाला दूर केलंस. एकदा, फक्त एकदा, मला मनापासून खोटारडा म्हणायला तू हवा होतास.